फोटो हलवला की स्लाइड-शो वाटतो, व्हिडिओ थांबवला की हँग झाल्यासारखा वाटतो, मग करायचं काय?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते. एका रिकाम्या होत चाललेल्या घराचे साठेक फोटो तुमच्याकडे आहेत, त्याच खोल्यांचं ट्रायपॉडवर शूट केलेलं थोडं फुटेज आहे, आणि त्यातून आठ-दहा मिनिटांचा, एका खोलीत लूपवर चालेल असा व्हिडिओ पीस करायचाय. फोटोवर पॅन-झूम (कॅमेरा फोटोवरून सरकतोय किंवा जवळ जातोय असा भास) टाकला की स्लाइड-शो वाटतो आणि व्हिडिओ मध्येच फ्रीज केला की बघणाऱ्याला वाटतं प्लेयर अडकला. त्यावर तुम्ही विचारलंय की फोटो ‘जिवंत’ करणारा इफेक्ट कुठला, एआय टूलने फोटो हलवून घ्यावेत का, आणि एक फोटो स्क्रीनवर किती वेळ ठेवावा. मी बरीच वर्षं स्टिल आणि व्हिडिओ या दोन्हींच्या मधल्या जागेत काम करतेय त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सावकाश वाचा.

इफेक्ट शोधायला तुम्ही फार लवकर गेलात. त्याच्या आधी प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारायचा: यात वेळ कुठे चालू आहे? कारण टाइमलाइन तर पुढे सरकतच असते, समोर काही हलो किंवा न हलो, बघणारा स्वतःचा वेळ मोजून देतच असतो. तो वेळ चालू असल्याचं त्याला कुठून तरी जाणवलं पाहिजे, चित्रातल्या एखाद्या कोपऱ्यातून, आवाजातून, नाहीतर ‘आता काहीतरी होणार’ या वाट बघण्यातून. तिन्हीकडे सामसूम असेल तर तो प्लेयर अडकला असंच म्हणणार, त्याचं काही चुकत नाही. आणि पॅन-झूममध्ये नेमकं उलटं होतं, वेळ चालतो तो फक्त तुमच्या सॉफ्टवेअरच्या कॅमेऱ्याचा, फोटोतल्या खोलीशी त्याचा काहीच संबंध नसतो, म्हणून तो पोकळ वाटतो.

आता हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमच्या फुटेजमधली एखादी खिडकी घ्या. तिचे तीन शॉट बनवा, प्रत्येकी एक मिनिटाचा. पहिला, खिडकीचा स्टिल कॅमेऱ्याने काढलेला फोटो. दुसरा, ट्रायपॉडवरच्या व्हिडिओतली एक फ्रेम काढून फ्रीज केलेली. तिसरा, तोच ट्रायपॉड शॉट सरळ चालू, ज्यात काहीच घडत नाही. फ्रेमिंग शक्य तितकं सारखं ठेवा आणि अंधाऱ्या खोलीत मोठ्या स्क्रीनवर लावा. कागदावर तिघांत फरक नाही, कुठेच काही हलत नाहीये. पण बघायला लागलात की तिन्ही स्थिरता एकमेकींपासून पार वेगळ्या आहेत हे अंगावर येतं. फोटोत वेळ आधीच संपलेला असतो, तो बघताना आपण मागे बघत असतो. फ्रीजमध्ये वेळ कुणीतरी पकडून ठेवलेला असतो, त्यात एक ताण असतो, कारण ही गोष्ट चालू होती आणि पुन्हा चालू होऊ शकते हे आपल्याला माहिती असतं. तिसऱ्यात वेळ चालूच आहे, फक्त घटना नाहीये, त्यामुळे डोळा बारीकसारीक गोष्टी शोधायला लागतो, गजावरची धूळ, प्रकाशाचा किंचित चढउतार. तुमच्या पीसचं व्याकरण या तीन स्थिरतांमधून बनणार आहे, इफेक्टमधून नाही. कुठल्या खोलीला कुठली स्थिरता द्यायची हे एकदा कागदावर लिहून काढलंत की निम्मी एडिटिंग झाली.

फ्रीज हँगसारखा का वाटतो याचं एक अगदी ठोस कारण आहे आणि ते बहुतेकांना कुणी सांगत नाही. व्हिडिओत सेन्सरचा नॉइज, म्हणजे बारीक दाणेदार ठिपके, सतत सळसळत असतो, फिल्मवर शूट केलं असेल तर ग्रेन. आपण तो मुद्दाम बघत नाही पण डोळ्याला तो कळत असतो, आणि फ्रीज लागतो त्या क्षणी तो नॉइज गोठतो. म्हणजे खोली तर आधीच स्थिर होती, थांबला तो नॉइज, आणि डोळ्याने पकडला तो हा थांबा. म्हणून चालू शॉटमधून फ्रीजमध्ये कुणाला न कळता जायचं असेल तर असं करा: ट्रायपॉड शॉटमधल्या लागोपाठच्या १६ फ्रेम्स एकमेकींवर ठेवून त्यांचं ॲव्हरेज काढा, नॉइज साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण तो फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. अर्थात या १६ फ्रेम्समध्ये काही हललेलं नसावं, कॅमेरा तर नाहीच नाही. ही झाली तुमची स्वच्छ स्टिल. आता त्याच कॅमेऱ्याने, त्याच आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता), फोकस पूर्ण सोडून एका सपाट राखाडी पृष्ठभागाचा एक मिनिट व्हिडिओ घ्या आणि तो एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट या मिसळण्याच्या मोडमध्ये स्टिलवर चढवा. आता चित्र थांबलंय पण नॉइज चालू आहे. बघणाऱ्याला वाटतं खोली चालू आहे, आणि मग पडदा हलायला हवा होता तो हलत नाही, घड्याळाचा काटा सरकायला हवा होता तो सरकत नाही, हे त्याला हळूहळू लक्षात येतं. त्या लक्षात येण्यात जी मजा आहे ती कुठल्याही रेडिमेड इफेक्टमध्ये नाही.

आणि याच्या उलटही करता येतं. फ्रीज जाणवायलाच हवा असेल तर नॉइजही गोठू द्या, कट सरळ लागू द्या, पण तो असा लावा की ‘हे मुद्दाम आहे’ हे कळेल. त्यासाठी एक फ्रीज पुरत नाही, पहिल्या दोन मिनिटांतच दोन-तीन वेळा करावं लागतं, म्हणजे तो पीसचा नियम आहे हे बघणाऱ्याच्या डोक्यात बसतं. दहा मिनिटांत एकदाच आलेला फ्रीज हा नेहमी बिघाडच वाटणार.

याला जोडून एक एक्सपोर्टची भानगड. लांब स्टिल एच.२६४ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून लहान फाइल करायची पद्धत) कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी डेटा देऊन, काढली की चित्र ठरावीक अंतराने ‘श्वास’ घेतल्यासारखं फुगतं-बसतं. कारण असं की या कोडेकमध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलं जातं आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त बदल साठवले जातात. अशी फाइल बनवणाऱ्या एक्स२६४ एन्कोडरच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर २५० फ्रेम्सपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम्स) दहा सेकंद, आणि नवीन पूर्ण चित्र आलं की बारीक टेक्स्चर एकदम बदलतं. ॲक्शन फिल्ममध्ये हे कुणाला दिसत नाही, तुमच्या भिंतीच्या स्टिलवर मात्र दर दहा सेकंदांनी एक झटका दिसेल. वर सांगितलेला चालता ग्रेन तर कमी बिटरेटवर पार पुसला जातो आणि त्याच्या जागी चौकटी-चौकटी दिसायला लागतात. मास्टर, म्हणजे मूळ फाइल, प्रो-रेस या कमी दाबलेल्या फॉरमॅटमध्ये ठेवा, दाखवायची फाइल एच.२६४ च करावी लागली तर बिटरेट भरपूर द्या. डेटामॉशिंग करणारे आर्टिस्ट याच गोष्टीचा उलटा फायदा घेतात, पूर्ण चित्रवाल्या फ्रेम्स काढून टाकतात आणि एका शॉटची हालचाल दुसऱ्या शॉटच्या चित्रावर वाहायला लागते, पण तुमच्या घराच्या फोटोंना ते मी तरी लावणार नाही, फार गोंगाट होतो.

कुठली फ्रेम फ्रीज करायची हाही विचार हवा. २५ एफपीएसला शटर सहसा १/५० सेकंदावर असतं, त्यामुळे हलणाऱ्या हाताची फ्रेम काढली तर हात पुसटलेला येतो. तो पुसटपणा कधी कधी सुंदर असतो, पण त्याने थांबा अपघाती वाटतो. मला जास्त पटते ती जागा म्हणजे हालचाल जिथे आपोआप मंदावते ती, दार उघडून हात खाली येण्याआधीचा क्षण, हेलकाव्याचं टोक, श्वास घेणं आणि सोडणं याच्या मधलं. तिथे फ्रेम शार्पही मिळते आणि शरीर स्वतःच थांबायला निघालेलं असतं, आपण फक्त तो थांबा लांबवतो. नवीन शूट करणार असाल आणि फ्रीज घ्यायचा हे आधीच ठरलं असेल तर शटर १/२०० च्या आसपास नेऊन बघा, मात्र मग चालू हालचाल थोडी तुटक दिसते, ते चालणार आहे का हे आधी बघून घ्या.

आता फोटोंकडे. फोटो न हलवता त्यांच्यात वेळ कसा भरायचा याचा सगळ्यात मोठा धडा म्हणजे फ्रेंच फिल्मकार क्रिस मार्करची १९६२ ची ‘ला जते’. २८ मिनिटांची फिल्म, जवळजवळ पूर्ण स्टिल फोटोंची, आणि हलता शॉट अख्ख्या फिल्ममध्ये फक्त एक, काही सेकंदांचा. हे सगळ्यांना माहिती असतं, पण त्या शॉटच्या आधी काय केलंय ते बारकाईने बघा. झोपलेल्या बाईचे फोटो एकातून दुसऱ्यात डिझॉल्व्ह होत (विरघळत) जातात, कूस बदललेली, हात बदललेला, आणि डिझॉल्व्ह हळूहळू जवळ जवळ येतात, मागे पक्ष्यांचा आवाज वाढत जातो. म्हणजे फोटो स्थिरच आहेत पण दोन फोटोंमधलं अंतर कमी होतंय, आणि तेवढ्यावर आपल्याला ती हलतेय असं वाटायला लागलेलं असतं. मग ती डोळे उघडते, पापण्या मिटते-उघडते, आणि सरळ कट. ती हालचाल इतकी हादरवते कारण त्याआधी फिल्मने आपल्याला हालचालीशिवाय राहायला शिकवलेलं असतं. तुमच्याकडे फोटोही आहेत आणि व्हिडिओही आहे, तेव्हा हा हिशोब तुम्हाला करावाच लागेल: हालचाल किती राखून ठेवायची आणि कुठे खर्च करायची. सुरुवातीलाच फोटो-व्हिडिओ-फोटो-व्हिडिओ असं वाटून टाकलंत तर पाचव्या मिनिटाला हातात काही उरणार नाही.

एकाच जागेवरून काढलेले दोन-तीन फोटो असतील तर ते सोनं आहे. एकाच कोपऱ्याचे वेगवेगळ्या वेळचे फोटो अचूक एकावर एक बसवा आणि तीस-चाळीस सेकंदांचा डिझॉल्व्ह द्या. बदल इतका सावकाश झाला की तो डोळ्याला दिसतच नाही, फक्त कधीतरी लक्षात येतं की खुर्ची आता तिथे नाहीये. ती नेमकी कधी गेली हे कुणालाच सांगता येत नाही. रिकाम्या होत जाणाऱ्या घरासाठी यापेक्षा नेमकी दुसरी पद्धत मला माहिती नाही. नुसत्या टाइम-लॅप्समधून सुद्धा हे येतं, दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट काढायच्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एक एक फ्रेम घेत चित्रित केली होती ते याच कुतूहलातून. आणि ब्रिटिश आर्टिस्ट सॅम टेलर-वुडच्या २००१ च्या ‘स्टिल लाइफ’ या व्हिडिओमध्ये फळं काही मिनिटांत कुजून कोसळतात पण शेजारी पडलेलं साधं प्लास्टिकचं पेन जसंच्या तसं राहतं. मला त्यात फळांपेक्षा पेन जास्त शिकवतं, वेळ दिसायला न बदलणारी एक गोष्ट शेजारी लागते.

पॅन आणि झूम अगदी वर्ज्य करा असं मी म्हणणार नाही, पण करायचं तर त्याला कारण हवं. डोळा तिकडे जाणारच होता म्हणून कॅमेरा तिकडे गेला, किंवा चौकटीबाहेर काहीतरी लपलंय म्हणून गेला. नुसतं ‘काहीतरी हलावं’ म्हणून प्रत्येक फोटोला पाच टक्के झूम देणं हाच स्लाइड-शो. टेक्निकल बाजू पटकन सांगते. २४ मेगापिक्सलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० असतो, तुमची टाइमलाइन ३८४० बाय २१६० ची असेल तर दीडपटीपर्यंतच आत जाता येतं, त्यापुढे फोटो फुटायला लागतो. दहा सेकंदांत १०० पिक्सल सरकवलं तर २५ एफपीएसला प्रत्येक फ्रेमला ०.४ पिक्सल येतं, आणि इतक्या सावकाश सरकण्यात खिडकीचे गज, जाळी, कौलांच्या रेघा असल्या बारीक गोष्टी चमचमायला लागतात. त्याला उपाय म्हणजे फोटोला अगदी जेमतेम ब्लर, अर्धा-एक पिक्सल, आणि रेंडर बेस्ट क्वालिटीत. झूमचं स्केल सरळ रेषेत वाढवलं तर सुरुवातीला भरभर आणि नंतर रेंगाळल्यासारखं वाटतं, आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोनेन्शियल स्केल आहे ते वापरा, वेग एकसारखा वाटेल.

डोळ्याच्या एका सवयीचा उपयोग मात्र जरूर करून बघा. एखादी गोष्ट एकाच दिशेने बराच वेळ सरकताना बघितली आणि मग ती थांबली की स्थिर चित्र उलट्या दिशेने सरकल्यासारखं भासतं. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याकडे टक लावून बघताना हे नोंदवलं, पाण्यावरून नजर हटवली तर शेजारचा खडक वर चढताना दिसला. तुमच्याकडे पावसाचं किंवा सरकत्या सावल्यांचं फुटेज असेल तर ते एक मिनिट पूर्ण फ्रेमभर चालू द्या, बघणाऱ्याची नजर एका जागी राहील असं काहीतरी मध्यभागी असू द्या, आणि मग एकदम भिंतीच्या फोटोवर कट मारा. भिंत काही सेकंद वाहील. फोटो अजिबात हलवलेला नाही, हालचाल बघणाऱ्याच्या डोळ्यात झाली.

माझ्या मते तुमच्या मटेरिअलला सगळ्यात जास्त देऊ शकेल अशी जागा म्हणजे एकाच फ्रेममध्ये अर्धं स्थिर आणि अर्धं चालू. डेव्हिड क्लार्बाउट या बेल्जियन आर्टिस्टचं १९९७ चं काम बघा, ‘रुर्लो, बोकुर्लोशेवेग, १९१०’. जुन्या पोस्टकार्डवरचं चित्र, एक पवनचक्की आणि एक मोठं झाड. पवनचक्की स्थिर आहे, जी वाऱ्यावर फिरायला हवी ती, आणि झाडाची पानं हलतायत. बराच वेळ लोकांना ते फोटोच वाटतं. एकदा पानं दिसली की मग दोन वेळा एकाच चौकटीत राहतायत हे कळतं, एक १९१० चा आणि एक आत्ताचा. अमेरिकन व्हिडिओ आर्टिस्ट बिल व्हायोलाच्या ‘द रिफ्लेक्टिंग पूल’मध्ये, १९७७ ते ७९ मधलं सात मिनिटांचं काम, एक माणूस तलावावर उडी मारतो आणि हवेतच थांबतो, पाणी मात्र चालूच राहतं, तरंग उठतात, काठावरून कुणीतरी गेल्याची प्रतिबिंबं दिसतात आणि काठावर कुणीच नसतं. हे जमलं कारण कॅमेरा एका जागी घट्ट होता आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेली चित्रं एकाच फ्रेममध्ये जोडता आली.

तुम्हाला हे करायचं तर शिस्त पाळावी लागेल. ट्रायपॉड हलता कामा नये, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही मॅन्युअलवर लॉक. मास्कची, म्हणजे स्थिर आणि चालू भाग जिथे जोडता त्या आकाराची, कड सावलीत किंवा दाराच्या चौकटीवर घ्या, सपाट भिंतीच्या मधोमध घेतलीत तर प्रकाश जरा बदलला की कड दिसते. चालू भागाचा लूप करताना शेवटच्या एक-दोन सेकंदांचा सुरुवातीशी क्रॉसफेड द्या, म्हणजे एक विरत दुसरं उगवू द्या. आणि सावल्यांचा निर्णय आधी घ्या. पडदा हलतोय पण जमिनीवरची त्याची सावली स्थिर आहे, असं चुकून झालं तर बघणाऱ्याला नुसतं काहीतरी खटकत राहतं. तेच ठरवून केलं, म्हणजे पडदा स्थिर आणि फक्त सावली हलतेय, तर तो शॉट मी दोन मिनिटं न हलता बघेन. दहा मिनिटांत असे दोन शॉट असले तरी पुरे, प्रत्येक खोलीत काहीतरी हलतंय असं केलंत की लोक ते शोधायचा खेळ खेळायला लागतात आणि घर बाजूला राहतं.

याच जातीचा एक वेगळा मार्ग म्हणजे भारतीय चित्रकार रणबीर कालेका यांचा, त्यांनी कॅनव्हासवर चित्र रंगवून त्याच चित्रावर व्हिडिओ प्रोजेक्ट केला, १९९८-९९ च्या ‘मॅन थ्रेडिंग अ नीडल’मध्ये सुईत दोरा ओवणारा माणूस रंगातही आहे आणि प्रकाशातही आहे. तुम्हाला खोली मिळणार असेल तर एखादा फोटो मोठा, मॅट कागदावर छापून त्याच्यावरच त्याच जागेचा व्हिडिओ टाकून बघा. प्रिंट थोडी फिकट, कमी कॉन्ट्रास्टची काढा, कारण प्रोजेक्टर फक्त प्रकाश टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही, प्रिंटमध्ये जिथे गडद शाई आहे तिथे व्हिडिओ दिसणारच नाही.

स्लो मोशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते, कारण स्टिल आणि हालचाल म्हटलं की सगळे तिकडेच धावतात. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायोलाच्या १९९५ च्या ‘द ग्रीटिंग’मध्ये पंचेचाळीसेक सेकंदांची भेट ३०० एफपीएसच्या आसपास शूट करून दहा मिनिटं चालवलीय, कपड्याची घडी वाऱ्याने उचलली जाते ती सलग दिसते, फ्रेमची कड कुठेच जाणवत नाही. उलट स्कॉटिश आर्टिस्ट डग्लस गॉर्डनने १९९३ मध्ये हिचकॉकची ‘सायको’ ताणून २४ तासांची केली, सेकंदाला साधारण दोन फ्रेम्स पडतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम आधी स्टिल म्हणून दिसते आणि मग झटक्याने पुढची येते. पहिल्यात वेळ पातळ होतो, दुसऱ्यात वेळेचे तुकडे हातात येतात. तुमचं फुटेज २५ एफपीएसचं आहे, ते दसपट सावकाश केलंत तर सॉफ्टवेअर ऑप्टिकल फ्लोने मधल्या फ्रेम्स स्वतः बनवणार आणि पडद्याच्या झालरीशी, बोटांच्या मध्ये चित्र वितळल्यासारखं होणार. त्यापेक्षा हे मधल्या फ्रेम्स बनवणं (इंटरपोलेशन) बंद करा आणि फ्रेम्स तुटक पडू द्या, प्रत्येक फ्रेम ०.४ सेकंद. ते प्रामाणिक दिसतं आणि तुमच्या फोटोंच्या जवळ जातं.

एआय टूलचं माझं मत स्पष्ट आहे, या कामात नको. ही टूल्स फोटोतल्या वेळेचा निर्णय स्वतः घेतात. कुठलं पान हलावं, पडदा किती फुगावा, डोळे कधी मिटावेत, सगळं बाहेरून शिकून आणलेलं, तुमच्या खोलीत वारा कुठल्या बाजूने यायचा हे त्याला माहिती असायचं कारण नाही. फोटोत माणसं असतील, आणि त्यातली काही आता नसतील, तर त्यांच्या चेहऱ्यावर त्यांनी कधीच न केलेलं हसू आणणं मला मान्य नाही. ही बनावट हालचाल हाच एखाद्या कामाचा विषय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ते उघडपणे मांडता येतं. तुमच्याकडे खऱ्या खोलीचं खरं फुटेज आहे, त्यातली पाच सेकंदांची सळसळ या सगळ्यापेक्षा मोलाची आहे.

एक फोटो किती वेळ ठेवायचा, तर याला आकडा नाही पण टप्पे आहेत. माझ्या अनुभवात पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस चित्र ओळखतो, ‘अच्छा, स्वयंपाकघर’. दहाएक सेकंदांपर्यंत तो त्यात फिरतो. मग कंटाळा येतो, आणि तो खरा कंटाळा असतो, लोक चुळबुळ करतात. तो ओलांडला, वीस-पंचवीस सेकंदांच्या पुढे, की पुन्हा बघायला लागतात आणि या वेळी वेगळं बघतात, भिंतीवरचा तस्बिरीचा फिकट चौकोन, ओट्याची झिजलेली कड. सगळ्यात वाईट लांबी म्हणजे कंटाळा यायला लागल्यावर कट करणं, म्हणजे साधारण दहा ते पंधरा सेकंद, आणि बहुतेक लोक नेमका तिथेच कट मारतात. एकतर ओळख पटायच्या आत काढून घ्या नाहीतर पलीकडे न्या. साठच्या साठ फोटो वापरायचा हट्ट अर्थातच सोडावा लागेल, दहा मिनिटांत बारा-पंधरा झाले तरी खूप. आणि फार भरभर फोटो बदलणार असाल, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उजेड-अंधार होत असेल, तर दारावर ठळक सूचना लावा, फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्यांना त्याचा खरोखर त्रास होतो.

आवाज. यावर तुम्ही एका ओळीत ‘मागे हलकं पियानो टाकेन’ लिहिलंय, ते कृपा करून टाकू नका. संगीत स्वतःचा वेळ घेऊन येतं, मग चित्र थांबलं काय आणि चाललं काय, सगळं गाण्याच्या मागे फरपटत जातं. त्या खोल्यांचा रूम टोन रेकॉर्ड करा, रिकाम्या खोलीचा नुसता आवाज, पाच-पाच मिनिटं. फोटोवर तो चालू ठेवलात की फोटो खोली होतो. फ्रीज करताना चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर थांबवू नका, तिथे हमखास हँग वाटतं. चित्र थांबवा आणि आवाज चालू द्या. किंवा आवाज आधी तोडा, बारा-पंधरा फ्रेम्सनंतर चित्र थांबवा, त्या अर्ध्या सेकंदात बघणारा सावध होतो आणि मग आलेला थांबा त्याला मुद्दाम केलेला कळतो. अमेरिकन फिल्मकार हॉलिस फ्रॅम्प्टनने १९७१ च्या ‘नॉस्टॅल्जिया’ या फिल्ममध्ये आवाज आणि स्टिल यांच्यात एक फोटोचं अंतर ठेवलं, शेगडीवर एक फोटो जळत असतो आणि आवाज पुढच्या फोटोबद्दल बोलत असतो, त्यामुळे बघणारा सतत ऐकलेलं लक्षात ठेवत असतो आणि समोर जळणारं निसटत असतं. एका खोलीचा रूम टोन दुसऱ्या खोलीच्या फोटोवर टाकून बघा, तुमच्याकडे हे सहज होण्यासारखं आहे.

शेवटी दाखवायचं कसं. लोक मधूनच आत येणार आणि मधूनच जाणार, त्यामुळे सुरुवात-शेवट अशी गोष्ट रचू नका, कुठल्याही तिसाव्या सेकंदाला आत आलं तरी नियम कळावा. लूपचा जोड लांब स्टिलच्या मधोमध ठेवा, चालता ग्रेन दोन्ही बाजूंना सारखा असला की तो सापडत नाही. काही प्लेयर फाइल संपल्यावर क्षणभर काळे होतात, त्यासाठी तोच पीस पाच-सहा वेळा जोडून एकच लांब फाइल बनवा, म्हणजे तो काळा क्षण तासाभरात एकदाच येईल. टीव्हीवर दाखवणार असाल तर मोशन स्मूदिंग नावाचं जे काही सेटिंग असेल ते बंद करा, नाहीतर तुमच्या तुटक फ्रेम्स तो स्वतःच गुळगुळीत करून टाकेल. ओएलईडी पॅनेलवर तीच स्थिर चित्रं दिवसच्या दिवस चालली तर ती पॅनेलवर उमटून बसू शकतात, लांब प्रदर्शनाला एलसीडी किंवा प्रोजेक्टर घ्या. आणि फायनल रेंडर करायच्या आधी एक दोन मिनिटांचा तुकडा त्याच स्क्रीनवर, त्याच प्लेयरवर, त्याच अंधारात चालवून बघा, ग्रेन किती ठेवायचा ते लॅपटॉपवर ठरत नाही.